काळ्या काचेखाली

आबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, डोळ्याचं ऑपरेशन झालं ते ऐन मे महिन्यात. डॉक्टरांनी बजावलं होतं, उजेड नको, वाकायचं नाही, धक्का लागू द्यायचा नाही. टाका तुटला तर डोळा गेला. धुळ्यात देवपूरला आमचं घर पश्चिमेला तोंड करून. दुपारनंतर आबांच्या खोलीत कुणालाच डोळे उघडवत नसत. म्हणून यांनी मोटारींना लावतात तसली काळी फिल्म त्या खोलीतल्या दोन्ही खिडक्यांना आतून लावून घेतली.

ती सांभाळणं माझ्याकडे आलं. रद्दी पेपरने घासायची नाही, पावडर लावायची नाही. जुन्या धोतराचा मऊ तुकडा साबणाच्या पाण्यात पिळून सकाळी, काच गार असताना, हलकेच फिरवायचा. एक ओरखडा पडला तरी उन्हाची रेघ थेट आबांच्या उशीवर येईल, ही धास्ती. बांगड्यासुद्धा मी कोपरापर्यंत सरकवून घ्यायचे.

एका दुपारी मी स्वयंपाकघरात भाकरीसाठी कळण्याचं, ज्वारी-उडदाचं, पीठ चाळत होते. बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज झाला.

धावत गेले. आबांच्या खाटेच्या वरच्या खिडकीची मोठी काच तडकली होती, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. पडली नव्हती. फिल्मने तुकडे धरून ठेवले होते, पण मधला भाग आत फुगून आला होता. त्याच्या बरोबर खाली आबा. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्याने जेमतेम दिसायचं.

"काय फुटनं वं माय? चोर शे का?"

"कोणी नाही आबा. काच तडकली, तुमच्या डोक्यावर आहे. हलू नका."

त्यांचा हात चाचपत वर गेला.

"हात खाली!" मी ओरडले. सासऱ्यांवर आवाज चढवण्याची ती माझी पहिलीच वेळ.

हात खाली आला. "मना डोळा जाई का?"

मी दारापर्यंत मागे सरकत गेले आणि शेजारच्या अक्कांना हाक मारली. मोठ्याने हाक मारायचीही भीती वाटत होती, काच खाली आली तर? अक्का तापल्या अंगणातून अनवाणीच आल्या. त्यांनी स्टुलावर चढून गोधडी आबांच्या डोक्यावर छत्रीसारखी धरली. मी आबांना बगलेत हात घालून उठवलं. मान ताठ ठेवायची होती, घाईही करायची होती. आम्ही खाटेपासून बाजूला झालो आणि एक तुकडा सुटला, गोधडीवरून घसरून उशीवर पडला. आबांचं डोकं होतं तिथेच.

मधल्या खोलीत त्यांना बसवलं तेव्हा पट्टी खालून ओली दिसली. घाम की रक्त, बोट लावून बघायची माझी हिंमत होईना. हे घरी आले तसे रिक्षाने दवाखान्यात गेलो. डॉक्टर पट्टी काढून किती तरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "टाके शाबूत आहेत." मी तिथेच रडायला लागले.

काचवाला आला. "काळ्या काचेवर अर्धं ऊन, अर्धी सावली पडली की तडकते कधी कधी," एवढंच तो म्हणाला. तापल्या काचेवर गार पाणी मारलं होतंस का, हे यांचं विचारणं त्यानंतर थांबलं. पण माझी भीती वाढली. खोलीतली दुसरी खिडकी तशीच होती, आणि आबांना उजेड सोसत नव्हता, म्हणून तिची फिल्म काढता येत नव्हती.

खाट आतल्या भिंतीला लावली. रोज सकाळी मी आधी काचेवर नजर फिरवायचे, कुठे रेघ दिसते का, मगच फडकं लावायचे. तेही इतकं हलकं की धूळ तशीच राहायची.

"ऱ्हाऊ दे माय," आबा खाटेवरून म्हणायचे, "धूळ ऱ्हाऊ दे."

डोळा बरा झाला. पावसाळा निम्मा सरल्यावर यांनी ब्लेडने त्या खिडकीची फिल्म खरवडून काढली. ते काम संपेपर्यंत मी आबांचं मनगट धरून मधल्या खोलीत उभी होते.