स्पीकरातलं इंजिन
राजारामपुरीतल्या कानाच्या डॉक्टरांनी चिमट्यासारखं एक थंड, गुणगुणणारं लोखंड कानामागच्या हाडाला टेकवलं आणि मला माझा लांब स्क्रूड्रायव्हर आठवला. त्याचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावून मी एका व्यापाऱ्याची जुनी परदेशी गाडी वीस वर्षं सांभाळली. दोनच दारं, लांबलचक बॉनेट, उन्हात तापलेल्या कातडी सीटांचा वास. बॉनेटखाली कंबरेपर्यंत वाकलं की एकेक व्हॉल्व्ह वेगळा ऐकू यायचा. एक दिवस शेठ त्याच कंपनीची नवी गाडी घेऊन आले. बॉनेट उघडलं तर वर नुसतं काळं प्लॅस्टिकचं झाकण, स्क्रूड्रायव्हर टेकवायला जागाच नाही. "आत बसून ऐका की मिस्त्री," शेठ म्हणाले, "दोन्हीतली एकच ठेवणार हाय. तुमचा कान सांगंल ती." कसबा बावड्याच्या रस्त्याला मी डोळे मिटून ऐकलं. भरदार, एकसारखा आवाज, कुठं खरखर नाही. खोटं कसं बोलणार? "हीच ठेवा," म्हणालो. शेठनी खूश होऊन एक बटण दाबलं. आवाज गेला आणि गाडी तशीच पळत राहिली. "इंजिनाचा न्हाई, स्पीकरातनं येतोय त्यो आवाज, मिस्त्री," ते कौतुकानं म्हणाले. महिन्याभरात जुनी गाडी विकली गेली. आता डॉक्टर म्हणत होते, ऐकू कमी येतंय, मशीन लावावं लागेल. मशीन म्हणजे काय, मी विचारलं. "छोटा स्पीकरच असतो, काका. कानात बसतो." बरं, म्हटलं, बसवा.