एका खोक्याला पाच गाड्या

म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात जाधवकाकांच्या दुकानासमोर एकाच कुरियर कंपनीच्या पाच गाड्या उभ्या होत्या, आणि द्यायला खोकं होतं एक. मागे अडकलेले स्कूटरवाले हॉर्न वाजवत होते.

"मेधा, नोडम्मा, बघ गं, गल्ली बंद झाली की!" काका म्हणाले.

मी बघतच होते. ही करामत माझ्या स्क्रिप्टची होती.

जाधवकाकांचा अगरबत्तीचा धंदा. पूर्वज म्हैसूरच्या फौजेत होते, त्यामुळे घरात मराठी, पण वाक्यावाक्याला कन्नड. मी नाशिकहून इथल्याच हेब्बाळ भागात आयटीत आले आणि पुढे नोकरी सोडून लहान धंद्यांची कामं घ्यायला लागले. दसरा तोंडावर होता. काकांची सून दुपारभर तीन कुरियर कंपन्यांच्या वेबसाइटवर पिकअपचे फॉर्म भरत बसायची. "ते काम कम्प्यूटरलाच सांग की," काका म्हणाले. म्हणून स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे माणसाऐवजी फॉर्म भरून 'सबमिट' करणारा छोटा प्रोग्राम.

पहिली साइट पीएचपी नावाच्या तंत्रावर बांधलेली होती. रकान्यांची नावं आणि माहिती पाठवली की झालं. दुसरी एएसपी डॉट नेटवर. ती फॉर्मसोबत डोळ्यांना न दिसणारा लांबलचक मजकूर देते आणि सबमिट करताना तोच परत मागते. त्यामुळे आधी पान उघडायचं, मजकूर उचलायचा, मग फॉर्म पाठवायचा. तिसरी जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेवर. तिथे लॉगिनची खूण शेवटपर्यंत जवळ ठेवावी लागते. तीही ठेवली. पहिल्या दिवशी चाचणी म्हणून प्रत्येकीला एकेकच खोकं. दोघींच्या गाड्या येऊन गेल्या. तिसरीच्या पाच आल्या.

काउंटरवर लॅपटॉप ठेवून मी लॉग उघडला, म्हणजे स्क्रिप्टने काय काय केलं त्याची नोंद. सर्व्हर प्रत्येक वेळी आकड्यात उत्तर देतो. २०० म्हणजे ठीक. तिसरीचा म्हणत होता ३०२: फॉर्म मिळाला, आता पावतीच्या पानावर जा. मी यश मानलं होतं फक्त २०० ला. स्क्रिप्टला वाटलं जमलं नाही, आणि माझ्याच 'पाचदा प्रयत्न कर' या सूचनेप्रमाणे ती परत परत फॉर्म पाठवत राहिली.

तेवढ्यात कंपनीच्या मॅनेजरचा फोन. "मॅडम, फेक बुकिंग केलंत तर अकाउंट ब्लॉक होईल."

लांबच्या गावांना माल पोचवणारी हीच एक कंपनी होती.

"त्यांना थांब म्हण स्वल्प," असं सांगून काका पायरीवर गेले आणि शेजारच्या दुकानांना कन्नडमध्ये हाका मारू लागले. कुणाला काही पाठवायचं असेल तर आत्ता आणा, गाडी दारात आहे! समईवाल्याने दोन पेट्या आणल्या. फ्रेमवाल्याने गोणपाटात बांधलेला आरसा. शिंपीदादांनी शाळेच्या गणवेशांचा गठ्ठा. शेवटच्या गाडीला काहीच मिळेना, तेव्हा काकांनी स्वतःचा उद्याचा माल आजच चढवला.

मी मॅनेजरला परत फोन लावून म्हटलं, "सर, बुकिंग पाच, गाड्या पाच, सगळ्या भरून चालल्या आहेत. फेक काय आहे?"

ते हसले. "ओके मॅडम. पण प्रोग्राम बदला."

बदलला. आता ३०२ आला की स्क्रिप्ट पावतीचं पान उघडून बुकिंग नंबर वाचते. नंबर सापडला नाही, तर फॉर्म पुन्हा न पाठवता सूनबाईंना विचारते. काकांचा दसऱ्याचा माल वेळेवर गेला.

सर्व्हरने वेगळ्या शब्दांत 'हो' म्हटलं, तरी ते 'हो'च असतं.