दादाने बदललेले ब्रेक

दादा गेल्याचा निरोप घेऊन त्याच्या शाळेचा शिपाई वर्ध्याहून एसटीने आला, तेव्हा मी अंगणात कापसाचं बोचकं बांधत होतो. "मास्तर सकाळी उठलेच नाईत," एवढंच तो म्हणाला. मी आधी हातातली गाठ पक्की मारली आणि मग खाली बसलो. अशा वेळी माणूस काय करेल याचा नेम नसतो. सुमीला, म्हणजे दादाच्या एकुलत्या एक मुलीला, नागपूरला तार केली. ती आली नाही. तेरवीलाही आली नाही. सोयरे कुजबुजले, "काय पोरगी हाये!" मी तेव्हाही गप्प बसलो. गप्प बसण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

दादा वर्ध्याला विज्ञानाचा मास्तर. सुटीत सिंदीजवळच्या आमच्या गावी यायचा. मी शेती बघायचो. आणीबाणी उठली त्या वर्षी त्याने एक जुनी मोटार घेतली आणि दसऱ्याच्या आठवड्यात तिचे ब्रेक घरीच बदलायला काढले. गावाने टिंगल केली, मीही केली. पण त्याचं काम बघत राहावं असं होतं. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावले. पुढच्या चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले. ज्याकने गाडी उचलल्यावर खाली बाभळीचे ओंडके सरकवले आणि गाडी दोन्ही हातांनी हलवून पाहिली. "ज्याकच्या भरोशावर गाडीखाली कधी जायचं नाई, रघू," तो म्हणाला. लायनर म्हणजे चाकातल्या डब्याला आतून घासून गाडी थांबवणारी पट्टी. ती त्याने दोन्ही चाकांची बदलली, पण एका वेळी एकच बाजू खोलली.

"दोन्ही संगच खोल ना, लवकर होईन," मी म्हणालो.

"अन् बसवताना विसरलो त पाहू कोणाकडं? दुसरी बाजू तशीच पायजे."

आतली धूळ मी फुंकायला गेलो तर त्याने माझं तोंड हाताने बाजूला केलं. "ते छातीत जाते. ओल्या फडक्यानं पूस." नवी पट्टी हातात घेण्याआधी त्याने दोनदा साबणाने हात धुतले, मलाही धुवायला लावले. "हिले तेलाचा हात लागू देऊ नोको." मला वाटलं, मास्तरांचं सोवळं! मग त्याने शेतवाटेवर गाडी आधी हळू, नंतर जोरात नेऊन थांबवून पाहिली. गाडी सरळ थांबत होती. फक्त उजवं पुढचं चाक किंचाळायचं. "नवं हाये, चार दिवसांत बसते," दादा म्हणाला.

दसऱ्याला वहिनीच्या माहेरी जायचं होतं. कुसुमवहिनी मोठी हौशी बाई. "अशी बोंबलत गेली गाडी त माहा अख्खा गाव बाहेर येईन," ती हसत म्हणाली. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्याकडे त्या दिवशी विळे, वखराच्या पासा धुऊन पुजायच्या आणि फिरणाऱ्या प्रत्येक वस्तूला तेल द्यायचं. बैलबंडीचा आस, विहिरीची गडगडी, वहिनीचं शिलाई मशीन... सगळ्यांना माझ्या लांब चोचीच्या कुपीतून एरंडीचं तेल दिलं. मोटारीला हळदकुंकू वाहिलं आणि ते किंचाळणारं चाक आठवलं. चाकामागच्या पत्र्याला तपासणीचं एक भोक असतं, रबरी बूच बसवलेलं. मी बूच काढलं, कुपीची चोच आत घातली आणि बंडीला देतो तसं सढळ हाताने तेल दिलं. वहिनीला बरं वाटेल म्हणून. दादा तेव्हा गावात आपट्याची पानं आणायला गेला होता.

दसऱ्याच्या सकाळी निघालो. दादाने पायाने ब्रेक दाबून पाहिला, तो टणक होता. चाक मुळीच वाजलं नाही. वहिनी म्हणाली, "पाहा, बसलं ना!" आणि मी मागच्या सीटवर नऊ वर्षांच्या सुमीशेजारी मनातल्या मनात खूश झालो. सेलूच्या अलीकडे नाल्यावर बैलजोडी आडवी आली. दादाने ब्रेक दाबला. उजवं चाक निसटत राहिलं, डाव्याने तेवढी पकड घेतली आणि गाडी डावीकडे ओढली जाऊन पुलाच्या दगडी कठड्यावर गेली. वहिनी त्या बाजूला बसली होती... दवाखान्यापर्यंतही ती राहिली नाही.

तिसऱ्या दिवशी दादाने अंगणात ओढून आणलेल्या गाडीचं उजवं चाक एकट्याने खोललं. नेहमीसारखे आधी दगड लावले, ओंडके लावले. आत बोट फिरवलं, नाकाशी नेलं. एरंडीचा वास लपत नाही. त्याने बंडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग फडकं घेऊन तो डबा पुसत बसला, कोरडा होईपर्यंत. तेवढ्यात वहिनीचा भाऊ तावातावाने आला. त्याच्यासमोर, गावासमोर आणि दारात उभ्या सुमीसमोर दादा म्हणाला, "माही चूक झाली. पट्टी बसवताना माहा हात तेलकट होता."

साबणाने दोनदा धुतलेला हात. मी शेजारीच उभा होतो. मामा सुमीला घेऊन गेला. बापाच्या हट्टापायी आई गेली, हे तिच्या मनात बसलं ते बसलंच. गावानेही मास्तरच्या अतिशहाणपणाच्या गोष्टी केल्या. मी त्या ऐकल्या.

पुढे एकदा वर्ध्याच्या खोलीवर मी कसाबसा विषय काढला. दादा वह्या तपासत होता. "तुले गावात राह्यचं हाये, रघू. मी त राहीन कुठंबी," म्हणाला आणि पुढची वही उघडली. मी चहा पिऊन आलो. मला सुटल्यासारखं वाटलं, हे लिहायलाच हवं. मी भित्रा माणूस आहे. दर दिवाळीला तो सुमीला पत्र टाकायचा. उत्तर आलं का, हे विचारण्याची हिंमत मला दहा वर्षांत झाली नाही.

परवा त्याची खोली रिकामी केली. पलंगाखालच्या पेटीत नट खोलायचे पाने होते, ज्याक होता, आणि एका फडक्यात घट्ट गुंडाळलेली माझी लांब चोचीची कुपी. त्या आठवड्यात ती हरवली होती. मी कोणाला न विचारता नवी आणली होती. कोणाच्या हाती लागू नये म्हणून ती त्याने दहा वर्षं आपल्या पलंगाखाली सांभाळली. फडकं सोडलं तर वास तसाच.

ती कुपी आता माझ्यासमोर खिडकीत आहे. सुमे, तू वर्तमानपत्र वाचतेस असं ऐकतो, म्हणून हे इथे लिहिलं. तुझ्या बापाचे हात स्वच्छ होते. तेल म्या टाकलं वं पोरी, म्या टाकलं.