शिवनाथकाठची लोखंडी खोली

माझ्या बायकोच्या थोरल्या भावाइतका जगावर अविश्वास असलेला, आणि तरीही सुखी, असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आम्ही सगळेच त्यांना दादा म्हणतो. उभी हयात पोलाद कारखान्यात गेली. निवृत्त झाल्यावर ते घरी आले आणि त्यांच्यामागून कारखान्याची शिस्तही आली. कोणाच्याही घरात शिरताना दादा आधी वर बघतात, डोक्यावर काय पडू शकतं ते. पपई काढायची तर हेल्मेट. वैशाली नगरच्या घरी गॅसचा सिलिंडर बदलायचा म्हणजे ‘शटडाऊन’. वहिनींसकट सगळ्यांनी अंगणात जायचं, मिक्सरलासुद्धा लाल पाटी लागायची. आमच्या लग्नात त्यांनी मांडवाचा एकेक खांब हलवून पाहिला. एक ढिला निघाला. मांडववाला अजून सांगतो, तो हलवल्यामुळेच ढिला झाला.

शिवनाथ नदीच्या काठी शेतावर त्यांनी एक खोली बांधली, तीही अशीच. लोखंडी अँगल, वर पत्रा, सगळं वेल्डिंग स्वतःचं. खांबाला हत्ती बांधावा इतकी मजबूत. पण उन्हाळ्यात आत बसवत नसे. माझी बायको म्हणाली, “दादा, तुह्या या डब्ब्यात तव्याशिवाय पोळी भाजते.” मग गावातल्या बायकांकडून शिकून तिनं शेजारी मातीचं छोटं स्वयंपाकघर उभं केलं आणि छुईच्या पांढऱ्या मातीनं सारवलं. दादा कमरेवर हात ठेवून बघत होते. “मातीचा काय भरोसा, बाई? पान्यात बिस्किटासारखी जाईन.” जेवायला मात्र तिथंच बसायचे.

माझी बायको गेल्या हिवाळ्यात वारली. त्यानंतर दादा आणि मी, दोघंही तिकडे फिरकलो नाही.

यंदा पाऊस थांबेचना. शिवनाथ पुलावरून वाहिली. रस्ता मोकळा झाल्याचं कळताच दादा स्कूटर घेऊन दारात हजर. “चला जवाईबापू, खोली पाहून येऊ.” खोलीची काळजी त्यांनाही नव्हती आणि मलाही नव्हती. वाटभर ते बोलत राहिले. “जोतं उंच घेतलं होतं न तिनं? छपरीबी पुढे काढली होती. तिथवर पानी कावून येईन?” आयुष्यभर खरं ठरण्याची हौस असलेला माणूस यावेळी खोटं ठरावं म्हणून निघाला होता.

शेजारच्या शेतातली म्हातारी दारातला चिखल ओढत होती. आम्हाला बघून म्हणाली, “लोहा बाँच गे, बबा. माटी बोहा गे.”

लोखंड वाचलं, माती वाहून गेली. खोली सरळ उभी होती. पत्र्याच्या कडेला पुरातलं गवत लटकत होतं. शेजारी मातीचा एक गुळगुळीत उंचवटा, गुडघ्याएवढाही नाही.

दादा त्या उंचवट्यापाशी गेले. मग बूट काढले, पँट दुमडली आणि पायांनी माती तुडवायला लागले.

“भिंत जाड किती होती, जवाईबापू?”

मी दोन्ही तळवे समोरासमोर धरून दाखवले.

“नाही जी, इतकी नोहती.” त्यांनी आपले तळवे धरले, जरा जवळ.

दोघं तसेच हात पुढे करून चिखलात उभे राहिलो. टेप त्यांच्या खिशात होता, पण मोजायला भिंत नव्हती. शेवटी त्यांनी आपले हात हळूहळू माझ्याएवढे केले.

“असंन,” ते म्हणाले. “थापतानी तुमी होते तिच्यासंगं.”