दादाने पाडलेले वाटे

माझा मोठा भाऊ हवाई दलात वैमानिक होता. बर्फातल्या ठाण्यांवर जवान आणि सामान पोचवणारी मोठी विमानं चालवायचा. तो सुट्टीवर आमच्या गावी, पावसला, घरी आला की पडवीत माणूस मावायचा नाही. मी त्याच पडवीत आंब्याच्या पेट्या ठोकत बसलेला असायचो आणि लोक माझे खिळे तुडवत दादापर्यंत जायचे. मी शाळा अर्धी सोडली, लोकांच्या बागा राखल्या, मग कराराने घेतल्या, मग स्वतःचा व्यापार उभा केला. त्यासाठी पडवी कधी भरली नाही. हे मला अजून लागतं.

पण दादावर रागवायचीही सोय नव्हती. गणवेश उतरला की तो निव्वळ घरचा माणूस. वहिनी साताऱ्याकडची, तिला मासळीचा वास सोसायचा नाही, म्हणून बांगडे हाच साफ करायचा. हात धुऊन दोन्ही मुलींच्या वेण्या घालायचा. मुलींना स्कूटरवर बसवण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारून दोन्ही चाकं दाबून बघायचा.

"दादा, स्कूटर आहे ती. उडणार नाही," मी चिडवायचो.

"उडणारीवर मागे माझ्या पोरी नसतात," तो म्हणायचा.

त्याची निवृत्ती जवळ आली तेव्हा आईने वाटणीचा विषय काढला. वडील गेलेले होते आणि सगळं आपल्या डोळ्यांदेखत व्हावं असा तिचा हट्ट होता. आमच्याकडे रीत अशी, की मोठ्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. पाडणाऱ्याने आपला कल दाखवायचा नाही. जमीन दोन प्रकारची होती. खाली हापूसची कलमं, विहीर आणि राखणीची झोपडी, म्हणजे खोप. वर सडा, म्हणजे नुसता उघडा कातळ, गवताशिवाय काही न उगवणारा.

वाटणीच्या दिवशी दुपारी मी कलमांतून वर बघितलं तर दादा सड्यावर पावलं टाकत काहीतरी मोजत होता. थोरली एका टोकाला उभी, धाकटी दुसऱ्या टोकाला. वहिनी मध्येच उभी राहून समुद्राकडे हात करत होती.

"काय मोजतोस रे?" तो खाली आल्यावर मी विचारलं.

"काही नाही. पोरींना पळवत होतो."

मी व्यापारी माणूस. ते 'काही नाही' मी मनात ठेवलं.

संध्याकाळी आईसमोर बसलो. दादा म्हणाला, "खालचं सगळं हा एक वाटा. सडा हा दुसरा. उचल."

"हे वाटे म्हणायचे? एकीकडे भरलेली बाग आणि दुसरीकडे दगड?"

"मी पाडले. तू उचल."

"तुला कुठला हवाय ते सांग."

"ते मी बोलायचं नसतं."

आई म्हणाली, "अरे घे ना कलमं. तूच राबतोयस त्यांत. विचार कसला करतोस?"

मी विचार करत होतो. समोरचा चांगला माल आपणहून पुढे सरकवतो तेव्हा त्याची नजर दुसऱ्या कशावर तरी असते, हे मी बाजारात हजारदा पाहिलं होतं. हवाई दलातला अधिकारी, दिल्लीपर्यंत ओळखी. सड्यावरून रस्ता जाणार असेल, हॉटेल येणार असेल, याला कळलं असेल. पुन्हा एकदा मीच मूर्ख ठरणार.

"सडा," मी म्हणालो.

वहिनी उठून आत गेली. दादाने माझ्याकडे पाहिलं. "नक्की?"

"नक्की."

"बरं." मग त्याने धाकटीला विचारलं, दूध प्यायलीस का म्हणून.

दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "बाग तूच बघ. उत्पन्न तुझं. पोरींपुरते आंबे पाठवत जा." मला वाटलं, हरल्यावर मोठेपणा दाखवतोय.

निवृत्त झाल्यावर त्याने पुण्यात फ्लॅट घेतला. सड्यावर रस्ता आला नाही, हॉटेलही आलं नाही. दादा मे महिन्यात चार दिवस यायचा, आंबे खायचा, मुलींना समुद्रावर न्यायचा. सड्यावर कधी गेला नाही. मीही कधी चल म्हटलं नाही. गेल्या वर्षी पुण्यातच हृदयविकाराने गेला.

तेराव्यानंतर वहिनीजवळ बसलो होतो. ती सहज बोलल्यासारखी म्हणाली, "सड्यावर घर बांधायचं होतं त्यांना. स्वयंपाकघराची खिडकी कुठे, पोरींच्या खोल्या कुठे, सगळं ठरलं होतं. त्या दिवशी तेच मोजत होते."

मी ओरडलोच. दुखवट्याचं घर, बाहेर माणसं बसलेली. "मग बोलायचं ना त्याने! दोन शब्द! मी काय परका होतो?"

"तुम्ही कलमंच उचलणार याची त्यांना खात्री होती, भाऊजी. तुमच्या मेहनतीची बाग तुम्हालाच मिळावी म्हणून तसे वाटे पाडले होते."

"नंतर तरी मागायचा."

"मी म्हटलं होतं त्यांना. म्हणाले, त्याने हौसेने घेतलाय, आता कसा मागू?"

हौसेने! मी तिथल्या तिथे म्हटलं, "वहिनी, सडा तुमच्या नावावर करतो. घर मी बांधतो. पाणी आणतो, वर गाडी जाईल असा रस्ता करतो." ती गप्प राहिली. गिऱ्हाईक गप्प राहिलं की मी आणखी पुढे जातो, तसा गेलो. "खिडकी त्याने ठरवली तिथेच काढू. मुली सुट्टीला येतील."

"मुली आपापल्या घरी आहेत," ती म्हणाली. "मी एकटी तिथे बसून काय करू, भाऊजी? चहा घ्या, गार होतोय."

तिला माझ्याकडून काही नकोच होतं. अशा माणसाशी कसं बोलायचं ते मला कधी जमलं नाही. दादाशीही जमलं नाही. माझा राग अजून आहे. एका रीतीपायी तो गप्प बसला आणि त्याचं म्हातारपण माझ्या शेजारी जायचं ते पुण्यात तिसऱ्या मजल्यावर गेलं.

परवा एक जण मोटारीतून आला. सड्यावर पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या म्हणत होता. समुद्र बघून खूश झाला. "बोला शेठ, काय भाव?" त्याने विचारलं. इतकी वर्षं मी ज्याची वाट बघितली तो माणूस हाच. माझ्या तोंडून आकडाच फुटेना. त्याला वाटलं मी ताणतोय, म्हणून तो आपणच वाढवत गेला. शेवटी मी त्याच्यावर खेकसलो आणि त्याची मोटार दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभा राहिलो.