आचार्यांच्या घरी फोटोवाला

आसगावात लग्न ठरलं की मंडपवाल्याच्या आधी तेजरामभाऊंना फोन जातो. तेजरामभाऊ आमचे बौद्धाचार्य, म्हणजे बौद्ध पद्धतीनं लग्न लावणारे. एरवी पवनीच्या एका कृषी केंद्रात खतं-बियाणं विकणारा साधा माणूस, पण पांढरा शर्ट घालून माइक हातात घेतला की अख्खा मांडव गप्प बसतो. पत्रिकेवर साडेअकरा छापलं असेल तर साडेअकराला बुद्धवंदना सुरू. नवरदेव अजून डीजेपुढं नाचत असला तर त्याला दंडाला धरून आणतात. आपल्याला मुहूर्त नाही, पंचांग नाही, मग उशीर करायला निमित्त तरी कुठलं, असं त्यांचं म्हणणं.

विधी आटोपला की पाच मिनिटांचं भाषण, विषय एकच, खर्च. त्यात फोटोवाल्यांचा उद्धार ठरलेला. "आकाशातून फोटो काढला म्हणून संसार उंच जाते का जी?" असं विचारतात आणि लोक हसतात. हसतात, पण ऐकतातही. मागच्या उन्हाळ्यात गावातल्या केवळरामनं ऐकलं. पोरीच्या, गुड्डीच्या लग्नाला ठरवलेला फोटोवाला त्यानं मोडला आणि ते पैसे तिच्या नर्सिंगच्या फीला भरले. तेव्हापासून भाऊ हे उदाहरण प्रत्येक मांडवात देतात. गुड्डीला काय वाटलं ते कुणी विचारलं नाही. मी विचारलं होतं, पण ते राहू द्या.

मी त्यांची शेजारीण. मधे नुसतं कुंपण. त्यांच्या घरातलं सगळं मला ऐकू येतं, आणि ऐकू आलं नाही तर मी साखर मागायला जाते. खोटं कशाला बोलू!

यंदा त्यांच्याच रुचिताचं लग्न ठरलं, तुमसरच्या सुगतशी. लेकीचं लग्न मीच लावणार, हे भाऊंनी गावभर सांगून ठेवलं होतं. सगळं सुरळीत चाललं होतं आणि एका रविवारी अनुप फोटोवाला गाडी घेऊन दारात उभा राहिला. रुचितानं त्याला बापाला न विचारता बोलावलं होतं. मी साखरेची वाटी घेतली.

अनुपनं नमुन्याचा अल्बम टेबलावर ठेवला आणि आवाज बारीक करून भाव सांगितला. दोन कॅमेरे, ड्रोन, अल्बम मिळून पंचेचाळीस हजार.

"आठ हजार," भाऊ म्हणाले.

"भाऊ, आठात तं दोन पोरं मोबाइल घेऊन येतील."

"मंग तेच आण."

"पैसे माहे आहेत, बाबा," रुचिता म्हणाली. ती मेडिकल स्टोअरमध्ये कामाला आहे, दोन वर्षं तिनं साठवले होते.

"पैसा कोनाचाबी असो, जबान माही आहे! मी मांडवात काय बोलतो, तुले मालूम नाही का? उद्या लोक म्हनतील, आचार्य बोलते एक अन् करते एक."

लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात त्यातला हा माणूस नव्हे, म्हणून तर पंचाईत. वीस वर्षांत त्यांनी मिळवलं काय, तर लोक त्यांचं ऐकतात, एवढंच. ते गेलं की खतं विकणारा तेजराम उरतो. मला लेकीचं खरं वाटत होतं आणि बापाचंही खोटं वाटत नव्हतं.

नेमका त्याच वेळी केवळराम आला. मांडवाचे बांबू कधी आणायचे ते विचारायला आला होता. त्यानं अनुपला पाहिलं, टेबलावरचा अल्बम पाहिला आणि दारातच उभा राहिला. पार्वताबाईंनी, म्हणजे भाऊंच्या बायकोनं, पाण्याचा गिलास पुढं केला. तो त्यानं घेतला नाही.

"ड्रोनबी आहे का?" त्यानं विचारलं.

तो बांबूचं न विचारताच निघून गेला. भाऊंचा चेहरा असा उतरला की माझ्याच्यानं बघवेना.

अनुप उठला. "भाऊ, त्याच तारखेले पवनीची पार्टी थांबली आहे. आता हो-नाही सांगा."

"नाही," भाऊ म्हणाले.

रुचिता रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. तिनं नमुन्याचा अल्बम ओढून बापासमोर उघडला.

"हे कोन आहे?"

स्टेजवर नवरा-नवरी, मधे पांढऱ्या शर्टातले भाऊ, हातात माइक.

"हे कोंढ्याचं लगन. त्या दिवशी माह्या शाळेत बक्षीस होतं. आई एकटी आली होती." तिनं पान उलटलं. पुन्हा भाऊ, कुण्या दुसऱ्याच पोरीच्या हातात हार देताना. "हे अड्याळचं. माहा बारावीचा निकाल होता. तुमी रात्री आले, मी झोपली होती." अजून एक पान. "पंचक्रोशीतल्या हरेक घरच्या अल्बमात तुमी आहा, बाबा. आपल्या घरी तुमचा-माहा एक फोटो दाखवा."

"मोबाइलमधी आहे ना," भाऊ पुटपुटले.

"आहे एक," पार्वताबाई म्हणाल्या. "त्यातबी तुमी फोनवर लगनाची तारीख देऊन राहिले."

एरवी मी हसले असते. त्या दिवशी साखरेची वाटी खाली ठेवली.

"ड्रोन मले नाही पायजे," रुचिता म्हणाली. आता मात्र तिचा आवाज फाटला. "एक मानूस पायजे, जो दिवसभर तुमाले अन् आईले माह्यासंग धरून ठेवील. अन् तुमी लगन लावाचं नाही. लावनारा दुसरा भेटते. बाप कोठून आनू मी?"

भाऊ अल्बमकडे बघत बसले. स्वतःचाच चेहरा पानोपानी, आणि बाजूला सगळ्या परक्या पोरी. अनुपनं गाडीची किल्ली मुठीत घट्ट धरली होती. एकदा वाटलं, भाऊ आता अल्बम भिरकावून देतील. पार्वताबाईंनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी तो हळूच बाजूला सरकवला.

"ड्रोन काढून टाक," भाऊ शेवटी अनुपला म्हणाले. "एकच कॅमेरा ठेव, पन तू सोता ये. किती होते?"

"पंचवीस, भाऊ."

"पवनीवाल्यायले नाही सांग." मग पार्वताबाईंकडे न बघता म्हणाले, "लगन दुसरा आचार्य, भोजराज लावंल. अन् केवळरामच्या घरी मी आत्ताच जातो. त्यानं शिव्या देल्या तं खाऊन येतो, पन दुसऱ्याच्या तोंडून त्याले कळू देनार नाही."

ते उठून चपला शोधू लागले. एक पायात घातली आणि तसेच थांबले. शेकडो लग्नं लावलेला हा माणूस, कुणाला कुठं उभं करायचं, हार कोणत्या हातात द्यायचा, सगळं ज्याला तोंडपाठ, तो फोटोवाल्याकडं वळून अगदी बारीक आवाजात म्हणाला,

"अनुप, पोरीचा बाप कोठी उभा राहाते रे?"

अनुपनं रुचिताकडं पाहिलं. ती उठली आणि बापाला लागून उभी राहिली.