शुक्रवारचा डंप

मेनफ्रेम, म्हणजे ते कपाटाएवढे कॉम्प्युटर, म्हटलं की लोकांना वाटतं, ही यंत्रं केव्हाच भंगारात गेली. नाही हो. परदेशातल्या एका विमा कंपनीचा सगळा कारभार अजून मेनफ्रेमवर चालतो आणि ती सांभाळणाऱ्यांपैकी एक मी, सरावलीतल्या माझ्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरातून, वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली बर्म्युडा घालून.

दातिवऱ्याची एक मुलगी आमच्या टीममध्ये नवीन होती. तिच्या घरी नेट लपंडाव खेळायचं, म्हणून सफाळ्याला गाडी पकडून ती माझ्याकडेच कामाला यायची. अजून कायम व्हायची होती. एका शुक्रवारी तिने एका प्रोग्रॅममध्ये बदल केला आणि तासाभरात तो प्रोग्रॅम धाडकन पडला. सोमवारी सकाळी साहेबांचा फोन आला. चार वाजता मीटिंग; चूक तिची निघाली तर तिची नोकरी गेली.

ज्यांचं सॉफ्टवेअर आम्ही वापरतो ते म्हणाले, दोष कुणाचा ते डंप पाहून सांगतो. प्रोग्रॅम पडतो त्या क्षणी यंत्राच्या डोक्यात काय चाललं होतं, ते सगळं एका फाइलीत उतरतं. तो डंप. लॉगमध्ये, म्हणजे यंत्राच्या रोजनिशीत, स्वच्छ नोंद होती, डंप काढला, अमुक नावाने ठेवला. त्या नावाने शोधलं, तर काहीच नाही; आणि डंप नाही तर दोष तिच्याच माथी.

मग माझं डोकं फिरलं. रात्रपाळीच्या टीमला झापलं, डिस्क सांभाळणाऱ्यांना झापलं. दुपारचं जेवणही धड झालं नाही. ती शांतपणे शेजारी बसून याद्या चाळत होती. मला तिची दया येत होती आणि त्या दयेचं जरा कौतुकही वाटत होतं.

तीन वाजता ती म्हणाली, "सर, इथं झाडतं कोन?"

"म्हणजे?"

"आमच्याकडं मासली सुकवतात तिथं कुनाचं कानातलं पडलं, तर वाळू उकरत नाय बसत. सकाली कोनी झाडलं, तिला पयलं विचारतात."

मी हसणार होतो. तेवढ्यात आठवलं. दर रविवारी मोठ्या फाइली नाव बदलून टेपवर हलवणारा, आपोआप चालणारा एक प्रोग्रॅम होता, आमच्या भाषेत जॉब, आणि तो मीच लिहिलेला. जागा वाचवली म्हणून त्यावर मी शाबासकीसुद्धा मिळवली होती. झाडणारा मीच होतो.

टेपवरून डंप परत आणून पाठवला आणि चारच्या मीटिंगमध्ये सांगून टाकलं, तो माझ्या जॉबने हलवला होता, सकाळपासून मी उगाच सगळ्यांवर ओरडलो. लाज वाटली, खूप वाटली. दोन दिवसांनी सॉफ्टवेअरवाल्यांचं उत्तर आलं. दोष त्यांच्याच सॉफ्टवेअरमध्ये होता. ती कायम झाली.

पेढे घेऊन आली तेव्हा मी तिच्या त्या प्रश्नाची तारीफ केली. ती जरा अवघडली.

"सर, त्या जॉबवर तुमचं नाव मी सकाली अकरालाच वाचलेलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी सोताहून सांगाल, म्हनून थांबले."

मी पेढा खाल्ला. मी नसतं सांगितलं तर तिने काय केलं असतं, हे विचारायची हिंमत मला अजून झालेली नाही.